डाळ मिलचं सोलर टप्प्याटप्प्यानं वाढवायचं असेल तर पैसा कुठे घालावा

प्रश्न: लातूर एमआयडीसीत आमची तुरीची डाळ मिल आहे. मंजूर भार ७५ किलोवॅट, डीजी सेट (डिझेल जनरेटर) १२५ केव्हीए. आत्ता ५० किलोवॅट सोलर बसवायचं बजेट आहे. दोन-तीन वर्षांत मूग-उडदाची दुसरी लाइन टाकली की सोलर १००-१२० पर्यंत न्यायचं आहे. एक जण म्हणतो, "एक्सपांडेबल हायब्रिड इन्व्हर्टर घ्या, लागेल तसे युनिट जोडत जा, बॅटरीसुद्धा जोडता येते." दुसरा म्हणतो, "आत्ताच १०० चा एकच इन्व्हर्टर घ्या, पॅनेल नंतर टाका." कोणाचं ऐकावं?

उत्तर:

शेठ, माझ्या मते दोघांचंही पूर्ण ऐकू नका. आत्ता ५० किलोवॅटचा एक साधा ऑन-ग्रिड (लाइनला जोडून चालणारा, बॅटरी नसलेला) स्ट्रिंग इन्व्हर्टर घ्या. वाढवायची वेळ येईल तेव्हा त्याच्या शेजारी दुसरा बसवा. बॅटरी हवीच असेल तर १०-१५ किलोवॅटचा छोटा हायब्रिड (बॅटरीवरही चालणारा इन्व्हर्टर) वेगळा लावा आणि त्यावर मोजक्याच गोष्टी ठेवा. केबल, एसी बोर्ड, अर्थिंग आणि छतावरच्या वाटा मात्र पहिल्या दिवसापासून १२० किलोवॅटच्या करा. बहुतेक कोटेशनांत नेमकं उलटं असतं. इन्व्हर्टर भारी असतो आणि केबल मात्र "आत्तापुरती".

"एक्सपांडेबल" हे कोटेशनमध्ये मोठं वैशिष्ट्य म्हणून येतं. ऑन-ग्रिड इन्व्हर्टरला ते लागू करण्यात फारसा अर्थ नाही, कारण तो मुळातच वाढवता येतो. तो स्वतः व्होल्टेज तयार करत नाही. महावितरणच्या लाइनचं व्होल्टेज आणि फ्रिक्वेन्सी पाहतो आणि तिच्या तालात करंट ढकलतो. शेजारी दुसरा इन्व्हर्टर असला, तो दुसऱ्या कंपनीचा असला, पाच वर्षांनी नवा आणलेला असला, तरी दोघांना एकमेकांशी बोलायची गरज नसते. एका बसबारवर (सगळ्या केबल जिथे जोडतात त्या धातूच्या पट्टीवर) पाच कंपन्यांचे पाच लावले तरी चालतात. मॉनिटरिंगची पाच ॲप उघडावी लागतील, एवढाच त्रास.

हायब्रिड किंवा ऑफ-ग्रिडची गोष्ट वेगळी. लाइन गेली की तो स्वतः ग्रिड बनतो. दोन हायब्रिड समांतर जोडले की दोघंही व्होल्टेज तयार करतात. एकाचं २३१ आणि दुसऱ्याचं २२९ निघालं तर फरकाचा करंट लोडकडे न जाता एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. तो आवरायला कम्युनिकेशन केबल लागते. एक मास्टर आणि बाकीचे त्याच्यामागे चालणारे अशी रचना लागते. प्रत्येक युनिटपासून बसबारपर्यंतची केबल सारख्या लांबीची असावी लागते आणि सगळ्यांचं मॉडेल व फर्मवेअर एकच असावं लागतं. घोडं अडतं ते इथेच. आज घेतलेलं मॉडेल तीन वर्षांनी मिळेलच असं नाही. मिळालं तरी आतलं हार्डवेअर बदललेलं असतं, मग नव्या-जुन्याचं जमवायला कंपनीच्या इंजिनिअरची वाट पाहावी लागते. त्यात एका युनिटनं कम्युनिकेशन फॉल्ट दाखवला की बऱ्याच सिस्टिममध्ये अख्खा गट बंद पडतो. म्हणून हायब्रिडमध्ये वाढवायचा बेत पक्का असेल तर लागणारी युनिटं एकदमच घ्या, नाहीतर नंतर वाढवायचा विचार सोडा. विक्रेता "जोडता येतात" म्हणत असेल तर एकच विचारा: तीन वर्षांनी याच फर्मवेअरचं युनिट देण्याची लेखी हमी देता का?

दुसरी अडचण मोटारींची. एलिव्हेटर, रोलर, पॉलिशर, ब्लोअर, म्हणजे डाळ मिल सगळी मोटारींवर चालते. २० एचपीची मोटार चालू असताना साधारण २७-२८ अँपिअर घेते. डायरेक्ट सुरू केली तर क्षणभर दीडशेच्या वर जाते आणि स्टार-डेल्टानं (करंट कमी ठेवणाऱ्या स्टार्टरनं) सुरू केली तरी पन्नास-साठ. १५ किलोवॅटच्या थ्री-फेज हायब्रिडचा करंटच मुळी २२ च्या आसपास. तो मोटार उचलणार नाही, ओव्हरलोड दाखवून बसेल. ५० किलोवॅटचा हायब्रिड आणि त्याला शोभेल अशी बॅटरी घेऊन पूर्ण मिल बॅकअपवर चालवायचं गणित घाला. एका तासासाठी पन्नासेक युनिटची बॅटरी लागते. दारात उभा असलेला १२५ केव्हीएचा डीजी तेच काम करतो. त्यामुळे हायब्रिडवर काय ठेवायचं? सॉर्टेक्सचा (रंग पाहून डाळ निवडणाऱ्या मशीनचा) कंट्रोल, वजनकाटा, ऑफिस, सीसीटीव्ही आणि लाइट. सॉर्टेक्सला हवा देणारा कॉम्प्रेसर त्यात धरू नका. लाइन गेल्यावर सॉर्टेक्सचा कॅमेरा आणि कॉम्प्युटर धडकन बंद पडू नये, डीजी येईपर्यंत टिकावा, एवढंच काम हायब्रिडकडून घ्या.

आता १०० चा एकच इन्व्हर्टर. तो सहजी नाकारण्यासारखा प्रस्ताव नाही, किलोवॅटमागे थोडा स्वस्तही पडतो. पण तीन वर्षं त्याचं निम्मं अंग रिकामं राहणार आणि वॉरंटी मात्र पूर्ण अंगाची पहिल्या दिवसापासून संपत जाणार. शिवाय पूर्ण प्रकल्पात इन्व्हर्टरचा वाटा फार तर दहा-पंधरा टक्क्यांचा असतो. निम्मा खर्च पॅनेलचाच. तिथे आगाऊ खरेदी करून हाती काही लागत नाही. आणि खरं कारण वेगळंच आहे. तुरीच्या हंगामात, जानेवारी ते मार्चमध्ये, तो एक बंद पडला तर सगळंच सोलर बंद. दोन पन्नासांतला एक पडला तर निम्मं तरी चालू राहतं. सर्व्हिस इंजिनिअर पुण्याहून यायला दोन-चार दिवस लागतात, हे तुम्हाला दुसऱ्या मशीनच्या अनुभवावरून ठाऊक असेल. याच न्यायानं दहा-दहाचे बाराही नकोत. जोड वाढले की बिघाडाच्या जागा वाढतात.

वाढवण्याची पहिली भिंत इन्व्हर्टर नसून तुमचा मंजूर भार आहे. नेट मीटरिंगमध्ये (सोलरची जास्तीची वीज लाइनला देऊन बिलातून वळती करायच्या पद्धतीत) सोलरची क्षमता मंजूर भारापेक्षा जास्त ठेवता येत नाही. ७५ च्या भारावर १२० चं सोलर मंजूरच होणार नाही. दुसरी लाइन टाकताना भार वाढवावा लागेलच. तेव्हा एलटीतच (कमी दाबाच्या जोडणीतच) राहता येतं की एचटीवर (उच्च दाबावर) जावं लागतं, हे आत्ताच महावितरणच्या कार्यालयात जाऊन विचारून या. एचटी झालं तर स्वतःचं रोहित्र, एचटीचं मीटरिंग आणि विद्युत निरीक्षकांची तपासणी आली. बोर्डची जागा आणि केबलचा मार्गही बदलू शकतो. तुमच्या रोहित्रावर शेजाऱ्यांनी आधी किती सोलर जोडलंय तेही विचारा. रोहित्राच्या क्षमतेच्या तुलनेत किती सोलर जोडता येईल याला मर्यादा असते, आणि पहिला येईल त्याला पहिली जागा. पुढे क्षमता वाढवताना नवा अर्ज लागतो. मीटरचे सीटी (करंट मोजायचे छोटे ट्रान्सफॉर्मर) कमी रेशोचे असतील तर तेही बदलावे लागतात. पहिल्याच वेळी पुढचा विचार करून रेशो ठरवला तर एक फेरा वाचतो.

आता केबल. तुमच्या शेडवरून मीटर रूमपर्यंत अंतर १२० मीटर धरू. १०० किलोवॅटला करंट साधारण १४५ अँपिअर. ७० चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल टाकली तर ऊन लागून तापलेल्या अवस्थेत तिच्यावर प्रत्येक फेजला आठ-नऊ व्होल्ट पडतात. सोलरमध्ये वीज इन्व्हर्टरकडून मीटरकडे वाहते, म्हणजे हे आठ-नऊ व्होल्ट इन्व्हर्टरच्या बाजूला चढतात. रविवारी दुपारी एमआयडीसीतली निम्मी कारखानदारी बंद असते, लाइनचं व्होल्टेज वर गेलेलं असतं. मीटरवर २४६ असेल तर इन्व्हर्टरला २५४-२५५ दिसतं. २३० च्या दहा टक्के वर, म्हणजे २५३ च्या पुढे, तो सुरक्षेसाठी ट्रिप होतो. थोड्या वेळानं पुन्हा चालू होतो, पुन्हा ट्रिप होतो. मालक म्हणतो इन्व्हर्टर खराब, कंपनी म्हणते लाइन खराब, आणि दोष असतो केबलचा. तीच केबल १८५ ची टाकली तर चढ तीन-साडेतीन व्होल्टवर येतो आणि पुढचा दुसरा इन्व्हर्टरही तीच केबल पेलते. ५० च्या टप्प्यावर ७० ची केबल चालून जाते, म्हणूनच कोटेशनमध्ये तीच असते. मग वाढवताना खंदक पुन्हा खोदा, नाहीतर दुसरी केबल शेजारी टाका. खोदकाम आणि माती टाकणं एकदाच करावं. आत्ता १८५ घ्या.

एसी बोर्डही तसाच. तीन इन्व्हर्टर घेऊ शकेल असा करा: एक इनकमर भरलेला, दोन रिकामे, बसबार पूर्ण क्षमतेची आणि मेन ब्रेकर नंतर बदलता येईल अशा फ्रेमचा. रिकाम्या जागेचा लोखंडी डबा स्वस्त असतो. इन्व्हर्टरच्या भिंतीवरही दुसऱ्या-तिसऱ्यासाठी जागा सोडा आणि दोघांत कंपनीनं सांगितलेलं अंतर ठेवा. इन्व्हर्टर वाटेल तिथे लावू नका. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४२-४४ वर असतो. बहुतेक इन्व्हर्टर ४५ अंशांच्या पुढे आपली ताकद आपणहून कमी करतात. पश्चिमेच्या भिंतीवर, वर सावलीला पत्रा नाही, खाली भुशाची धूळ, अशा ठिकाणी लावलेला पन्नासचा इन्व्हर्टर ऐन दुपारी पन्नास देत नाही. उत्तरेची भिंत, वर छज्जा, आणि मिलच्या डस्ट कलेक्टरचं तोंड दुसरीकडे, असं करा. पंख्याच्या जाळीत तुरीचा कोंडा अडकला तर उन्हाळ्यात दर महिन्याला फुंकून घ्यायची सवय सुपरवायझरला लावा.

स्ट्रिंगचं (एका माळेत जोडलेल्या पॅनेलचं) गणित विक्रेत्याकडून कागदावर मागा. ५७५ वॅटच्या पॅनेलचं ओपन सर्किट (लोड नसतानाचं) व्होल्टेज साधारण ५१-५२ असतं आणि गारठ्यात वाढतं, एका अंशाला पाव टक्क्याच्या आसपास. २० पॅनेलची स्ट्रिंग केली तर २५ अंशांला १०४० व्होल्ट होतात. डिसेंबरच्या पहाटे पारा पाच-सहावर आला की ते १०९० पर्यंत जातं. इन्व्हर्टरची कमाल मर्यादा ११०० असते. मराठवाडा म्हणजे उष्ण प्रदेश असं धरून बसलेल्या डिझायनरनं परभणीची थंडी पाहिलेली नसते. १८ ची स्ट्रिंग घ्या. अशा सहा स्ट्रिंग म्हणजे १०८ पॅनेल, ६२ किलोवॅट. ५० च्या इन्व्हर्टरला ६० च्या वर पॅनेल का, असं कोणी विचारेल. धूळ आणि उष्णता यांमुळे पॅनेल पूर्ण वॅट क्वचितच देतात, म्हणून वीस-पंचवीस टक्के जास्त पॅनेल लावणं ही या धंद्यातली रोजची गोष्ट आहे. अर्जात क्षमता कशी दाखवायची ते मात्र तुमच्या उपविभागात आधी स्पष्ट करून घ्या. नंतर वाढवताना नवी पॅनेल जुन्या स्ट्रिंगमध्ये मिसळू नका. तोवर पॅनेलची वॅटेज बदललेली असेल, करंट वेगळा असेल आणि सगळी स्ट्रिंग सर्वांत कमी करंटच्या पॅनेलच्या चालीनं चालेल. नवी पॅनेल नव्या इन्व्हर्टरवर.

या १०८ पॅनेलला चालायच्या वाटा धरून चारेक हजार चौरस फूट छत लागेल. पत्रा सिमेंटचा असेल तर त्यावर माणूस चढवू नका. वर लाकडी फळ्या टाकून काम झालंच पाहिजे, आणि रेल पत्र्याला न धरता खालच्या पर्लिनला (पत्र्याला आधार देणाऱ्या आडव्या पट्टीला) धरायला हवी. दुसऱ्या टप्प्याच्या रेलचे बेसही आत्ताच बसवून घेता येतात. पत्र्याला एकदाच भोकं पडतात आणि गळतीची तपासणी एकाच पावसाळ्यात उरकते.

अर्थिंगला विक्रेते हमखास दोन ओळी देतात. लातूर परिसरात वर काळी माती आणि खाली मुरूम-खडक. उन्हाळ्यात काळी माती आकसून अर्थिंगच्या रॉडपासून सुटते आणि रेझिस्टन्स चढतो. ऑगस्टमध्ये घेतलेलं रीडिंग छान दिसतं आणि कमिशनिंगच्या रिपोर्टमध्ये तेच जातं. तुम्ही मे महिन्यात मोजून घ्या आणि तीच संख्या खरी माना. मृगाच्या आधीच्या वळवाच्या गडगडाटात वीज कोसळते ती नेमकी याच सुकलेल्या जमिनीवर. तडितरोधकाची अर्थिंग वेगळी, डीसी आणि एसी बाजूला एसपीडी (विजेच्या अचानक झटक्यापासून वाचवणारं उपकरण), आणि एसपीडीची खिडकी लाल झाली की कार्ट्रिज बदलायचं, हे कोणाच्या तरी नावावर लिहून ठेवा. गारपिटीचा विमाही घ्या. फेब्रुवारी-मार्च २०१४ ची गारपीट विसरली नसेल. पॅनेलची प्रमाणित चाचणी साधारण २५ मिलिमीटरच्या गारेवर होते, आणि त्या वर्षीच्या गारांना चाचणीचं वेळापत्रक माहीत नव्हतं.

डीजीचं नीट ऐका, कारण इथे इंजिन जायची भीती आहे. लाइन गेली की ऑन-ग्रिड इन्व्हर्टर बंद पडतो, पडायलाच हवा. नाहीतर पोलवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसेल. डीजी चालू झाला की इन्व्हर्टरला वाटतं लाइन आली आणि तो डीजीशी जुळतो. मिलचा लोड ४० आणि सोलर ४५ देत असेल तर जास्तीची वीज डीजीत उलटी घुसते. नुसता लोड कमी राहिला तरी इंजिन ओलं चालतं (डिझेल पूर्ण जळत नाही), काजळी धरतं. डीजीवर साधारण ३० टक्क्यांच्या खाली लोड जाऊ नये. यासाठी डीजी-पीव्ही कंट्रोलर लागतो, तो सोलरला लगाम घालतो. तो पुढे जोडायच्या इन्व्हर्टरलाही हुकूम देऊ शकेल असाच घ्या. "एक्सपांडेबल" ही अट खरी तर या कंट्रोलरला लावा. एवढा खर्च नको असेल तर डीजीवर असताना सोलरचा ब्रेकर आपोआप तुटेल असं इंटरलॉक लावा. सोपं, स्वस्त आणि बिनधोक.

आणखी एक गोष्ट बिलात गुपचूप डंख मारते: पॉवर फॅक्टर (पीएफ), म्हणजे घेतलेल्या विजेतली किती खरी कामाला आली. समजा मिल ६० किलोवॅट घेतेय, पीएफ ०.९०. म्हणजे २९ केव्हीएआर रिॲक्टिव्ह (मोटारी चुंबकत्वासाठी घेतात ती, काम न करणारी वीज). सोलरनं ४५ किलोवॅट दिले. लाइनकडून उरले १५ किलोवॅट, पण केव्हीएआर २९ चे २९ च. मीटरला पीएफ दिसतो ०.४६. एचटीला बिल केव्हीएएचवर (कामाची आणि रिॲक्टिव्ह वीज एकत्र धरून) येतं, त्यामुळे युनिटं वाचल्याचा आनंद तिथे निम्मा होतो. कपॅसिटर पॅनेलचा एपीएफसी रिले (पीएफ आपोआप सावरणारा) चार-क्वाड्रंटचा, म्हणजे दोन्ही दिशांनी वाहणारी वीज ओळखणारा असावा. जुना रिले सोलर उलटं वाहायला लागलं की गोंधळतो आणि चुकीच्या वेळी कपॅसिटर ओढतो. आजकालचे बरेच इन्व्हर्टर स्वतः केव्हीएआर देऊ शकतात, ते सेटिंग कमिशनिंगच्या दिवशीच करून घ्या.

शेतातल्या सोलर पंपावरून अंदाज बांधू नका. पंपाच्या कंट्रोलरला ग्रिड, नेट मीटर, डीजी यांपैकी कशाचंच देणंघेणं नसतं. गावाकडचा मेकॅनिक ते काम चांगलं करतो म्हणून मिलचं काम त्याला देऊ नका.

उत्पन्न किती धरायचं? आपल्या भागात किलोवॅटमागे वर्षाची सरासरी दिवसाला ४ युनिट धरली की फसगत होत नाही. ६० किलोवॅट पॅनेलला वर्षाला ८५ हजार युनिटांच्या आसपास. जुलै-ऑगस्टमध्ये खाली जातं, मार्च-एप्रिलमध्ये वर. तुमचा हंगाम आणि ऊन एकाच वेळी येतात, हे डाळ मिलचं नशीब. टीओडी मीटर (दिवसातल्या वेळेनुसार वेगळा दर लावणारा) असेल तर दिवसाचं युनिट आधी दिवसाच्याच वापरातून वळतं होतं. संध्याकाळच्या महागड्या तासांचं बिल सोलरनं पुसलं जाईल असं कोणी सांगितलं तर हिशोब कागदावर मागा. शिल्लक युनिटं ३१ मार्चपर्यंत पुढे जातात, मग उरलेल्याचा मिळणारा दर किरकोळ असतो. त्यामुळे वार्षिक वापरापेक्षा मोठं सोलर करून त्यावर कमवायचा विचार करू नका.

धुण्याचं पाणी हा लातूरचा खास प्रश्न. २०१६ मध्ये ज्या शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तिथे पॅनेल धुवायला टँकर मागवणं शोभत नाही आणि परवडतही नाही. पण तुरीचा कोंडा आणि हिवाळ्यातलं दव यांची लगदा-पापडी काचेवर बसते, ती नुसत्या झाडूनं निघत नाही. बोअरचं क्षारयुक्त पाणी मारलं तर वर पांढरा थर येतो, तो पुढे घासूनही जात नाही. हंगामात पंधरवड्याला मऊ ब्रशनं कोरडी झाडणी आणि महिन्यातून एकदा छतावर साठवलेल्या पावसाच्या किंवा सॉफ्टनरच्या पाण्यानं, पहाटे, पॅनेलला एक-दीड लिटर, एवढं पुरतं. तापलेल्या काचेवर दुपारी पाणी मारू नका.

वेळेचंही बघा. पॅनेल एएलएमएम (सरकारनं मान्य केलेल्या मॉडेलांच्या) यादीतली आहेत का, इन्व्हर्टरला आयएस १६२२१ आणि आयएस १६१६९ ची प्रमाणपत्रं आहेत का, हे ऑर्डर देण्याआधीच फाईलला लावा. कागद अपुरे असले की नेट मीटरचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहतो. सोलरवर आयकरात ४० टक्के घसारा मिळतो. पण त्या आर्थिक वर्षात प्लांट १८० दिवसांपेक्षा कमी वापरला गेला तर निम्माच. म्हणजे सप्टेंबर संपायच्या आत चालू झालेला प्लांट आणि डिसेंबरात चालू झालेला प्लांट यांच्या करात मोठी तफावत पडते. तुमच्या सीएंना आत्ताच विचारा. छताचं काम पावसाच्या आधी, एप्रिल-मेमध्ये उरकलं आणि नेट मीटरसाठी पावसाळ्याचे महिने दिले, तर सप्टेंबरची तारीखही गाठता येते आणि जानेवारीत तूर आली की मिल सोलरवर असते.